महालक्ष्म्या जेवत असताना

आमच्या घरी महालक्ष्म्यांपुढे पानं वाढली की पडदा लावतात. कोणाकडे दार लोटून घेतात, कोणाकडे नुसती पाठ फिरवतात, आमच्याकडे पडदा. माजघर आणि देवाची खोली यांच्यामध्ये सासूबाईंचं जुनं लुगडं टांगलेलं असायचं. सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील, सगळं पानात पडलं, पानाभोवती पाणी फिरवलं, की लहानथोर सगळ्यांनी बाहेर यायचं आणि लुगडं ओढून घ्यायचं. मग कोणी आत जायचं नाही की डोकावायचं नाही. लक्ष्म्या माहेरी आलेल्या लेकी आहेत, त्यांना लोकांदेखत जेवायची लाज वाटते, असं सासूबाई सांगायच्या. मी नवी सून होते तेव्हा मला हे फार आवडलं होतं. कारण मलासुद्धा त्या घरात पहिले काही महिने सगळ्यांदेखत जेवायची लाज वाटायची, आणि माझ्यासाठी कोणी पडदा लावत नव्हतं.

ते घर चांदूर बाजारच्या जवळच्या एका खेड्यात. आम्ही दोघी जावा. मोठ्या जावेला मी 'बाई' म्हणते, मोठी बहीण असावी तसं. आमची एक चूल, एक विहीर आणि एक काळ्या मातीचं वावर. महालक्ष्म्या आल्या की बाई पुरणाला बसायची आणि मी कोठ्या भरायला. ज्या पत्र्याच्या कोठ्यांवर लक्ष्म्यांचे मुखवटे उभे राहतात, त्या कोठ्या घरच्या गव्हानं भरायच्या, असा आमच्याकडचा नेम. घरचा म्हणजे वावरातलाच. आमच्या वावरात बन्सी गहू व्हायचा. लालसर, टणक दाणा, दाताखाली धरला की कट्‌कन वाजणारा. दोन्ही सुनांनी एकेक सूप भरून गहू आणायचा आणि कोठीत ओतायचा. एका घरात राहत होतो तोवर ते सूप मी त्याच कणगीतून भरून चार पावलं चालून यायचे, आणि बाई मला चिडवायची, "किती दुरून आली माय पाहुनी, पाय धू." तेव्हा ती थट्टा होती.

मग ती वर्षं आली. आमच्या वऱ्हाडात ती कोणाला सांगायला लागत नाहीत. कपाशीची बोंडं वरून हिरवीगार आणि आत अळी. तूर आली तर भाव नाही, भाव आला तर तूर नाही. विहिरीचं पाणी दिवाळीलाच तळाला जायचं. एका वावरावर दोन संसार भागेनात हे सगळ्यांना दिसत होतं, बोलत कोणी नव्हतं. शेवटी आमचे हे बोलले. अकोल्याला बी-बियाण्याच्या एका दुकानात ओळखीनं काम लागलं आणि आम्ही दोघं निघून आलो. वावर भासऱ्यांकडे, म्हणजे यांच्या मोठ्या भावाकडे राहिलं, त्यांनीच वाहायचं. भांडण झालं नाही. कधीकधी मला वाटतं, झालं असतं तर बरं होतं. भांडण मिटवता तरी येतं. आम्ही निघालो तेव्हा बाईनं बांधून दिलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा आम्ही एस.टी.त मांडीवर ठेवला, आणि अकोला येईपर्यंत दोघांपैकी कोणी ते गाठोडं सोडलं नाही.

अकोल्यात मी डबे करायला लागले. कॉलेजची पोरं, दोन नर्सबाया, असे. मला त्याची लाज नव्हती, बरं का. पोळ्या मी गावाकडेही करत होते, इथे दुसऱ्यांसाठी करत होते एवढंच. लाज वाटायला लागली ती भादव्यात. पहिल्या वर्षी महालक्ष्म्या जवळ आल्या आणि माझ्या लक्षात आलं की सूप भरायला माझ्याकडे गहू नाही. विकतचा होता. हे म्हणाले, "बाजारातून घे चांगला पाहून. कोन ओयखते?"

मी म्हटलं, "बाई ओयखीन."

मग मी ताप आला म्हणून कळवलं. ताप खरा होता, पण उतरलेला होता.

दुसऱ्या वर्षी काय कळवू? आता हे लिहायला संकोच वाटतो, पण त्याच्याशिवाय पुढलं समजणार नाही. मी यांच्याकरवी निरोप पाठवला की अडचण आहे. बाईमाणसाची अडचण. हा असा शब्द आहे की त्यापुढे कोणी काही विचारत नाही. भासरे म्हणाले, "हो का, बरं," आणि लगेच पावसापाण्यावर आले. देवाचं काम आणि बाईमाणूस बाजूला बसलेलं, म्हणजे विषय संपला. किती सोपं झालं ते! तिसऱ्या वर्षीही मी तेच कळवलं.

आता गंमत अशी, की माझी पन्नाशी उलटली होती. माझं ते सगळं आम्ही गावात होतो तेव्हाच थांबलं होतं. आणि थांबलं हे मी सगळ्यात आधी सांगितलं होतं बाईलाच. विहिरीवर. तिनं धुण्याचा पिळा तसाच हातात धरून मला म्हटलं होतं, "सुटली व तू. आता पापड-लोनचं कव्हाई कर." म्हणजे जगात एक माणूस असं होतं ज्याला माझी थाप कळणार, आणि मी ती थाप त्याच माणसाच्या घरी पाठवत होते. पण निरोप एका भावाकडून दुसऱ्या भावाकडे जात होता, तो बाईपर्यंत पोचेपर्यंत झिजून गुळगुळीत होत असेल, असं मी स्वतःला समजावत होते. बाईनं उलट कधी विचारलं नाही. मला वाटायचं, खपलं.

मग बाईच्या घरी सून आली. शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागायतदाराची पोरगी. बोलायला तुरतुर. फोन तिच्या हाताला चिकटलेला. हिनं आल्या आल्या ठरवलं की यंदा महालक्ष्म्यांना सगळं खानदान एकत्र करायचं. आमची नणंद सुरतला, तिलाही कितीतरी वर्षांत जमलं नव्हतं. आठ दिवस आधी सूनबाईचा मला फोन आला. यंदा तरी येता नं काकू, म्हणाली. मी आवाज जरा पाडून म्हटलं, अगं, माझी नेमकी तीच अडचण. मला वाटलं विषय संपला, नेहमीसारखा. तर म्हणते कशी,

"मंग आपन व्हिडिओ कॉल लावू. फोनले कायचा इटाळ, काकू? फोन काय शिवते काय कोनाले?"

मी बरं म्हटलं. इतक्या वर्षांत त्या शब्दाला उलटं उत्तर देणारं कोणी भेटलंच नव्हतं.

जेवणाच्या दिवशी यांनी खोलीत खिळे ठोकून माझ्या मागे चादर बांधली. आमची खोली म्हणजे दीड खोली. मागे डब्यांची उतरंड, गॅसची टाकी, दोरीवरचे कपडे. ते दिसायला नको होतं. हे स्टुलावर उभं राहून म्हणतात, "महालक्ष्म्या तिकडं, अन् तू पडदा इकडंच लावून राहिली." मी हसले नाही, कारण मी वेगळ्याच घोरात होते. साडी कोणती नेसू? सणाची नेसावी, तर अडचण असलेली बाई सणाची साडी नेसून, केस धुऊन, गजरा माळून बसते का? जुनी नेसावी, तर सुरतेची नणंद म्हणेल, हिचे हाल चालले आहेत. शेवटी हिरवी बरी साडी नेसले, केसांना तेल लावून घट्ट बांधले, फूल लावलं नाही. थाप मारायची तर तिलाही नीटनेटकं ठेवावं लागतं.

यांना दुकानातून सुट्टी नव्हती. फवारणीचे दिवस, बार्शीटाकळीकडचे शेतकरी औषधासाठी रांग लावून उभे. फोन लावून देऊन, आरतीपर्यंत थांबून हे जाणार होते.

फोन लागला. एका चौकोनात सुरत, एका चौकोनात आम्ही, एकात गावचं घर. नणंद आम्हाला पाहून रडायलाच लागली, मग डोळे पुसून म्हणाली, "वयनी, तुमी तं पार वायून गेल्या. दादा मातर फुगला. सगळे डबे तोच खाते का?" आम्ही हसलो. सूनबाई फोन घेऊन घरभर फिरत होती. कोनाडा दिसला, पायरी दिसली, उखळ दिसलं. आपण राहिलो ते घर दुसऱ्याच्या हातातून असं हलत हलत दिसावं हे काही बरं नसतं. बाई एकदाच समोर आली. हात पुरणाचे, डोक्यावरचा पदर मनगटानं सावरत. तिनं फोनकडे पाहिलं, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. माझ्या न माळलेल्या केसांकडे पाहिलं की काय कोण जाणे.

"जेवली?" म्हणाली.

"नाही बाई, नैवेद्य होऊ द्या."

"बरं," म्हणाली आणि आत गेली.

मग लक्ष्म्या दिसल्या. वर फुलोरा टांगलेला, करंज्या, वेण्या, पापड्या. खाली दोघी उभ्या, त्यांची लेकरं समोर बसलेली. तेच मुखवटे, धाकटीच्या नाकाजवळचा तोच पोचा. मी हात जोडले, आणि जोडल्यावर आठवलं की मी बाजूला बसलेली बाई आहे. हात परत खाली घेतले. यांनी ते पाहिलं.

आरतीसाठी सूनबाईनं फोन कशाला तरी टेकवून लक्ष्म्यांसमोरच ठेवला. आरती चालू असताना सुरतेचं नेटवर्क गेलं. टूं असा मोठा आवाज झाला आणि चौकोन गेला. आरती संपली, हे दुकानात गेले. तिकडे पानं वाढायची गडबड सुरू झाली. मग भासऱ्यांचा आवाज आला, चला, बाहेर व्हा, पडदा लावा. पावलं वाजली. लुगडं सर्‌कन ओढल्याचा आवाज आला. आणि त्यानंतर पडद्याच्या पलीकडून सूनबाई म्हणाली, "अगं माय, फोन आतच राह्यला." कोणीतरी म्हणालं, राहू दे आता, लक्ष्म्या जेवून राहिल्या.

अशी मी आत राहिले. सगळं घर बाहेर आणि अकोल्याची मी पडद्याच्या आत, लक्ष्म्यांच्या पानासमोर.

त्या खोलीत त्या वेळी कोणा बाईनं पिढ्यानपिढ्या डोळा घातला नसेल, आणि मी समोर बसलेली. मी फोन खाटेवर पालथा घातला. बंद का नाही केला? केला असता तर तो टूं आवाज त्यांच्या पानासमोर झाला असता. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि ते खरंही होतं. पण दुसरंही एक खरं होतं. इतक्या वर्षांनी मी त्या खोलीत होते, आणि मला तिथून निघावंसं वाटत नव्हतं. डोळे घालायचे नाहीत एवढा नेम मी पाळला. कानांचा नेम कोणी घालूनच दिला नव्हता.

पडद्याला लागूनच बाया बसत. त्यांचं बोलणं येऊ लागलं. आधी भाजीत मीठ किती वगैरे. मग आमच्या शेजारच्या वाड्यातल्या चुलतसासूचा आवाज. म्हातारीची जीभ आमच्या गावात सगळ्यांना माहीत.

"अकोलेवाली यंदाई नाही आली का व?"

सूनबाई म्हणाली, अडचण आहे म्हणे.

"काय माय नेमाची अडचन हाय तिची," म्हातारी म्हणाली. "भादवा आला का बरोब्बर येते. लक्ष्म्या चुकतीन पन हिची अडचन नाही चुकाची. पन्नाशी उलटली तरी सोडत नाही तिले."

बाया हसल्या. खळखळून हसल्या. मी एकटीच बसले होते तरी पदर तोंडावर घेतला. त्या हसण्यात एकेकीचं हसणं मला ओळखू येत होतं, हिचं असं, तिचं तसं. या सगळ्यांच्या ओट्यावर मी बसलेली. म्हणजे माझी थाप गावभर होती. दोन वर्षं ती चुलीपाशी, विहिरीवर, दळणाला फिरत होती, आणि मी अकोल्यात बसून म्हणत होते, खपलं.

मग बाईचा आवाज आला. "हसू नका."

हसणं थांबलं.

"तिचं जाऊन लई वरसं झाले. मलेच सांगतलं होतं तिनं पयले. मले मालूम हाय थे कावून येत नाही."

"कावून?" म्हातारीनं विचारलं.

"सुपात घालाले गहू नाही तिच्यापाशी. म्हनून येत नाही."

मग म्हातारीच म्हणाली, आवाज आता जरा खाली आलेला, "मंग तू सांगाचं नाही का तिले? ये माय तशीच, म्हनाचं. तिचं वावर तुमीच तं वाहून राहिले."

मला वाटलं फोन बंद पडला. मी तो उलटा करून पाहणारही होते. तेवढ्यात बाई बोलली, आणि जे बोलली ते अगदी सपाट आवाजात, भाकरी किती थापल्या ते सांगावं तसं.

"मायापाशी तरी कुठं हाय गहू? दोन सालापासून पेरलाच नाही. इहिरीले पानी नाही. कोठ्यात कंट्रोलच्या दुकानाचा भरला हाय. मांगच्या सालीबी थोच होता. तुमाले कोनाले समजलं नाही. थे आली असती तं तिनं कोठीत हात घातला असता, अन् तिले समजलं असतं. म्हनून नाही बोलावली. अडचन हाय म्हने, तं मी म्हनलं, बरं हाय. असू दे."

त्या वेळी मला जे झालं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. बाया हसत होत्या तेव्हा वाटली ती लाज मला समजत होती. थाप पकडली गेली, तोंड लपवलं, झालं. पण बाईचं ऐकल्यावर जी लाज आली तिला कुठे ठेवू ते कळेना. बाई मानी. सासूबाईंच्या देखत, भासऱ्यांच्या देखत मी तिला कधी 'नाही' हा शब्द बोलताना ऐकलं नव्हतं. घरात तेल संपलं तर ती म्हणायची, आज उकडलेलं करू. त्या बाईनं माझ्यावरचं हसणं थांबवायला आपल्या घरातलं रेशनचं धान्य सगळ्या गावासमोर ओतलं. आणि मी ते चोरासारखी ऐकत होते, लक्ष्म्यांच्या पानामागे लपून.

आणि त्याच्याही खालची लाज. माझ्याकडे गहू नाही म्हणून मी तीन वर्षं कुढत होते. त्यांच्याकडे आहे का, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. वावर आमचंही होतं. विहीर आटते हे मी माझ्या डोळ्यांनी पाहून आले होते. आमचे हे दर रविवारी भावाशी फोनवर बोलायचे, पाऊस किती, कपाशी कशी. पोळ्या लाटता लाटता मी ते ऐकायचे. ऐकून पोळी उलटायचे. माझ्या मनात ती कणगी मी सोडून आले तशीच भरलेली होती.

टाळ्या वाजल्या. पडदा उघडायच्या आधी तीनदा टाळी वाजवतात, लक्ष्म्यांना सावरून बसायला. मी फोन सुलटा केला. समोर सूनबाईची हनुवटी आणि वर छपराचे सरे.

"अवो काकू! तुमी चालूच हाय?"

ती ओरडली नाही, पण ते सगळ्यांनी ऐकलं. तिकडे एवढं शांत झालं की कोणाच्या तरी हातातल्या बांगड्या वाजल्या त्याही मला ऐकू आल्या. मी म्हटलं, "मी सयपाकाकडे होती. फोन पालथा पडला होता. मले काही आयकू नाही आलं."

कोणी विचारलंच नव्हतं मला, ऐकू आलं का म्हणून.

म्हातारी खोकली. सूनबाई काहीतरी बोलणार तेवढ्यात फोन दुसऱ्याच्या हातात गेला. बाईनं घेतला होता. तिला तो धरता येत नव्हता, म्हणून आधी तिचा कान दिसला, मग एक डोळा, मग कपाळावरचं कुंकू. ती पाहत होती. मी चादरीला टेकून बसले होते. आता मागे सरकायला जागा नव्हती.

"उद्या लक्ष्म्या जातात," ती म्हणाली. "हळदीकुंकू पाच वाजता हाय."

एवढंच म्हणाली आणि फोन सुनेकडे दिला. ये म्हणाली नाही. मग सूनबाईनं मला सोळा भाज्या दाखवल्या, एकेक नाव घेऊन, फार भरभर. मी प्रत्येकीला छान म्हटलं.

संध्याकाळी हे आले तेव्हा चादर तशीच होती. मी त्यांना सगळं सांगितलं, बायांचं हसणं सोडून. गव्हाचं ऐकल्यावर ते चप्पल न काढता उंबऱ्यातच बसले. दादानं मला सांगितलं नाही, एवढं दोनदा म्हणाले. मग म्हणाले, तू जा उद्या. मी म्हटलं काय घेऊन जाऊ? प्रश्न विचारून झाल्यावर मलाच त्याची शरम वाटली.

डब्यांचा प्रश्न होता. शेजारच्या खालाला सांगितलं. तिचा बांगड्यांचा धंदा, दुपारी मोकळी असते. ती म्हणाली, "जाव बहन, पोळ्या तुम बनाके रखो, पहुंचाना मेरे जिम्मे." का चालली, किती दिवस, काही विचारलं नाही. मी पहाटे उठून पोळ्या केल्या आणि एस.टी. पकडली. मूर्तिजापूर, अमरावती, तिथून दुसरी गाडी. वाटेत मी बोलायची वाक्यं जुळवत होते. एकही वाक्य बाईच्या तोंडासमोर उभं राहण्यासारखं होईना. चांदूर बाजारला उतरले तेव्हा हातात काहीच नाही हे जाणवलं. समोर धान्याचं दुकान होतं. मी त्याच्यापुढे जरा वेळ उभी राहिले आणि पुढे गेले. शेवटी डझनभर केळी घेतली. केळी घेऊन माणूस दवाखान्यात जातं.

घरी पोचले तर सूनबाई धावत आली, पाया पडली, आणि तिनं अंगणात प्लास्टिकची खुर्ची मांडली. पाणी दिलं. चहा दिला, कपबशीत. मी त्या घरात इतकी वर्षं चहा प्यायले, चुलीजवळ, पितळी वाटीत. बशी मला पहिल्यांदा मिळाली. मी खुर्चीवर बसले, मांडीवर केळी. हळदीकुंकवाला बाया येत होत्या. मला पाहून प्रत्येकीचं पाऊल थोडं अडखळायचं. मग त्या जास्तच गोड बोलायच्या, गाडी मिळाली का, ऊन लागलं का. म्हातारी चुलतसासू आली. काय म्हणते म्हणून मी मान खाली घातली. ती म्हणाली, "आली का व," आणि माझ्या कपाळावर एवढं कुंकू लावलं की नाकावर सांडलं. तेवढंच. तिनं टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

बाई एकदा बाहेर आली. "आली?"

"हो."

"चहा घे." आणि आत गेली.

तेव्हा मला कळलं की मी कशासाठी आले आहे. माफी मागायला नाही. त्या घरात मला आता खुर्ची मिळणार की काम मिळणार, एवढं पाहायला आले होते. आणि खुर्ची मिळाली होती. घरच्या बाईला कोणी खुर्ची देत नाही. आत लक्ष्म्यांवर अक्षता पडल्या, मुखवटे हलवले, बायांनी पुन्हा या म्हणून हाक दिली. मी दारातून हात जोडले. आत जायला मला कोणी अडवलं नव्हतं. पण त्या पानांसमोर बसून मी काल जे ऐकलं होतं, त्यानंतर त्या दोघींच्या तोंडाकडे पाहणं मला जमलं नाही.

बाया गेल्या. मी कप आत नेऊन ठेवला आणि तशीच मागच्या परसात गेले. काल सगळा गोतावळा जेवला होता, भांड्यांचा ढीग पडलेला. मी पदर खोचला, राख घेतली आणि बसले. सूनबाई धावत आली. "काकू, राहू द्या नं, तुमी पाहुन्या..." म्हणाली आणि जीभ चावली. मी कढई ओढली.

थोड्या वेळानं बाई आली. माझ्यासमोर पाटावर बसली आणि तिनं परात घेतली. आम्ही घासत राहिलो. पुरणाचं जळकं बूड सुटत नाही, तुम्हाला माहीत असेल. त्याच्याशी झटताना खाली पाहायला बरं कारण मिळतं.

"फोन पालथा होता म्हने," बाई म्हणाली.

"हो."

"पालथ्या फोनात आयकू येते?"

मी घासायची थांबले. आता आणखी थाप सुचत नव्हती, आणि सुचली असती तरी मारवली नसती.

"येते, बाई."

तिनं परात उपडी केली, मागची बाजू घासायला घेतली. "मले वाटलंच," म्हणाली.

एस.टी.त जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तोंडात आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "मी इचाराले पाह्यजे होतं. एकडाव तरी."

"इचारलं असतं तं मी खोटंच सांगतलं असतं," बाई म्हणाली.

एवढ्यात भासरे हात धुवायला परसाकडे आले. आम्हा दोघींना तसं समोरासमोर बसलेलं पाहिलं आणि दारातूनच मागे फिरले. एरवी त्यांनी मला चिडवल्याशिवाय सोडलं नसतं. बाईनंही ते पाहिलं. आम्ही दोघी पुन्हा भांड्यांकडे वळलो. त्या घरात त्या दिवशी कोणाला कोणाच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं, आणि भांडी मात्र एवढी लखलखीत निघाली.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा बाईनं मला हळदकुंकू लावलं, ओटी भरली. कशानं भरली ते मी पाहिलं नाही, पदर तसाच मुठीत धरला. ती पुढल्या साली ये म्हणाली नाही. म्हणाली, "सोळा भाज्या एकटीच्यानं निवडून होत नाही आता. माये गुडघे गेले. आदल्या दिवशी येत जाय."

मी मान हलवली. हो म्हणायला वर पाहावं लागलं असतं.